बोलावलं की येईन

आमच्या मैदानाच्या पूर्वेकडच्या गोलपोस्टला एका जागी रंग टिकायचा नाही. खांद्याच्या उंचीवर वीतभर पट्टा होता, तिथे पांढऱ्या रंगाखालचं लोखंड दिसायचं. ती रहमानमामूंच्या हाताची जागा. मॅच सुरू झाली की मामू तिथे येऊन खांब धरून उभे राहायचे आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत हलायचे नाहीत. हाफटाइमनंतर टीमच्या बाजू बदलायच्या, मामूंची जागा बदलायची नाही. मग दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या टीमचा गोलकीपर वैतागायचा.

"ओ मामू, तुमचा गोल तिकडे गेला आता. तिकडे जा ना."

"गोल गेला आसंल. खांब हितंच हाय," मामू म्हणायचे.

नियमाप्रमाणे तिथे बाहेरच्या कुणी उभं राहायचं नसतं. रेफरी शिट्टी वाजवून त्यांना मागे हटवायचा, मामू एक पाऊल मागे जायचे, आणि रेफरीची पाठ वळली की हात परत खांबावर. एकदा एक नवीन रेफरी आला होता, तो म्हणाला की हे गृहस्थ बाजूला झाल्याशिवाय मी मॅच सुरूच करणार नाही. मामूंनी त्याला फार अदबीने सांगितलं, "साहेब, खांब ढिला झालाय. म्या सोडला तर तुमच्याच अंगावर यील." खांब खरंच ढिला होता. रेफरीने हलवून बघितला आणि शिट्टी वाजवली.

मामू आमचे सख्खे मामा नव्हते. मोहल्ल्यात ते सगळ्यांचेच मामू होते; माझ्या अम्मीला ते आपा, म्हणजे ताई, म्हणायचे, म्हणून आमचे जरा जास्त. मैदानाच्या कोपऱ्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. लहान असताना ते कर्जत तालुक्यातल्या एका खेड्यातून नगरला आले आणि येताना तिकडची बोली घेऊन आले. आमच्या घरात दखनी बोलतात. अम्मी त्यांच्याशी दखनीत बोलायची, ते मराठीत उत्तर द्यायचे, आणि दोघांनाही त्यात काही वेगळं वाटायचं नाही. त्यांच्या दोन्ही मुली शेवगावला एकाच घरात दिलेल्या होत्या. घरी मुमानी, म्हणजे त्यांची बायको, आणि ते, आणि कॉटखाली क्लबचे बॉल.

आमच्या क्लबला कागदावर मोठं नाव आहे, पण सगळे त्याला 'निळे' म्हणतात. क्लबचे अध्यक्ष दुसरे कुणीतरी होते, ते बक्षीस समारंभाला हार घालून घ्यायला यायचे. क्लब चालवायचे मामू. संध्याकाळी पोरं जमवायची, भांडणं सोडवायची, बॉलमध्ये हवा भरायची. हवा भरली की ते बॉल कानाशी धरून टिचकी मारायचे आणि आवाज आवडला नाही तर परत सोडून भरायचे. मी कॉलेजला जायला लागल्यावर त्यांनी माझं नावच टाकून दिलं. "काय कॉलेज, झाली का परीक्षा?" असं दुकानातूनच ओरडायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे मला त्याची लाजही वाटायची आणि बरंही वाटायचं.

आमच्या घराची गच्ची मैदानाकडे आहे. मी सगळ्या मॅच तिथूनच पाहिल्या. खाली जाऊन उभं राहायची मुलींची पद्धत नव्हती, आणि खरं सांगायचं तर वरून खेळ जास्त चांगला कळतो.

मामू तरुणपणी निळ्यांचे गोलकीपर होते. त्या काळातली एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. कपची फायनल होती आणि क्लबमधले दोन चांगले खेळाडू मुंबईच्या टीमकडे पगारावर गेले होते. दोघांनीही येतो म्हणून सांगितलं होतं. आले नाहीत. बदली खेळाडूही नव्हते. "नऊ जनं हुतो आमी," मामू सांगायचे. "दोन जागा मोकळ्या. गोल झाले ते त्या मोकळ्या जागंतनंच झाले. म्या मागनं बघत हुतो."

म्हणून पुढे क्लब त्यांच्या हाती आल्यावर त्यांनी एक रीत घातली. जो पोरगा दुसऱ्या गावाला, दुसऱ्या क्लबकडे जाईल त्याने जायच्या दिवशी सकाळी मैदानावर यायचं, त्या खांबाला त्याच जागी हात लावायचा आणि म्हणायचं, "बोलावलं की येईन." एवढंच. मामू पोराच्या पाठीवर थाप मारायचे आणि दुकान उघडायला जायचे. कितीतरी पोरं असं म्हणून गेली. काही आली, काही आली नाहीत. न आलेल्यांबद्दल ते वाईट बोलायचे नाहीत, पण त्यांचा विषय निघाला की सायकलच्या चाकाकडे बघत बसायचे.

एजंट हा शब्द मामूंच्या तोंडात नव्हता. ते दलाल म्हणायचे. त्यांचे वडील बैलबाजारात दलाली करायचे. "रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा," ते सांगायचे. "बैल मधी हुबा. त्याला काय ठावं, कुनी किती बोटं दाबली."

असा एक एजंट, विकी नावाचा, पुण्याहून आमच्याकडे आला तो माझ्या भावासाठी. माझा भाऊ इम्रान माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, डाव्या पायाने खेळायचा आणि डावीकडून इतका वेगाने पळायचा की मोहल्ल्यातली म्हातारी माणसंसुद्धा तो बॉल घेऊन निघाला की खाटेवरून उठायची. सगळे त्याला इमू म्हणायचे, मी भाई म्हणते. विकीने त्याची एक मॅच पाहिली आणि घरी यायचं म्हणाला. मामूंनी सांगितलं, मीही येणार.

विकी चहा प्यायला, मग भाईला उठून चालायला सांगितलं, वळायला सांगितलं, वाकून त्याच्या गुडघ्याला हात लावून पाहिला.

"दात बघायचं ऱ्हायलं की," मामू म्हणाले. "इमू, आ कर."

अब्बा हसायला लागले. विकीही हसला. मग म्हणाला, "मामू, बाजारात बैलाला कुणी विचारत नाही. मी तर पोरालाच विचारतोय. इम्रान, यायचंय तुला?"

भाईने मामूंकडे बघितलं.

"माज्याकडं काय बघतो? म्या काय पगार देनार हाय तुला?"

अम्मीने विकीला विचारलं की तुमचं त्यात काय. पहिली दोन वर्षं पगारातला थोडा हिस्सा, असं त्याने सरळ सांगून टाकलं. "रुमाल काढून ठिवला म्हनायचा ह्यानं," मामू म्हणाले. त्यांच्या तोंडून एजंटबद्दल मी ऐकलेलं हे पहिलं चांगलं वाक्य.

भाई गेला त्या सकाळी मी गच्चीवर होते. त्याने खांबाला हात लावला, ते शब्द म्हटले. रस्त्यावर विकी मोटरसायकल चालू ठेवून उभा होता. तिथूनच तो ओरडला, "मामू, करारात असलं काही चालत नाही हां! क्लबच्या परवानगीशिवाय बाहेर एकही मॅच नाही!"

"तुजा करार कागदावर," मामू म्हणाले. "आमचा लोखंडावर."

भाई हसला, पाठीवर बॅग टाकली आणि मोटरसायकलवर बसला.

अब्बा टेम्पो चालवतात. आमच्या घरात पैसे यायचे ते कधी आले, कधी नाही. भाईचा पगार सुरू झाला आणि महिन्याच्या ठरलेल्या दिवशी पैसे येणं म्हणजे काय ते आम्हाला कळलं. अम्मी किराणा एकदम भरायला लागली. माझ्या कॉलेजच्या प्रवेशाबद्दल घरात चर्चाच झाली नाही. भाईने फोनवर अम्मीला सांगितलं, "तिचं नाव घाल, बस्स." तो मोठा स्टार वगैरे झाला नव्हता. कधी शेवटची वीस मिनिटं खेळायचा, कधी पूर्ण. पण करार पुढे वाढणार असं विकी म्हणत होता, आणि मुंबईचा एक क्लबही विचारत होता. पंक्चरच्या दुकानात मामू गिऱ्हाईकाला मोबाईलवर भाईची मॅच दाखवायचे आणि टायर तसाच पडलेला असायचा. वर्षभर त्यांनी भाईला एकदाही बोलावलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात निळे फायनलला पोचले. कितीतरी वर्षांनी पोचले होते. मोहल्ल्यात ईद असावी तसं वातावरण झालं. आणि सेमीफायनलमध्ये निळ्यांच्या पुढच्या फळीतल्या वसीमचा घोटा मुरगळला. त्याच्या जागी खेळण्यासारखं कुणी नव्हतं.

मामूंनी फोन केला. काय बोलणं झालं ते भाईने मला खूप नंतर सांगितलं.

"इमू, रविवारी फायनल हाय."

"मामू, मला बाहेर खेळता येत नाही. तुम्हाला माहिती आहे."

मामू म्हणाले, "खांबाला हात लावला हुतास."

भाई म्हणतो, ते रागावून बोलले नाहीत. विनवणीही केली नाही. एखाद्याला त्याच्या राहिलेल्या टोपीची आठवण करून द्यावी तसं म्हणाले. भाई शनिवारी घरी आला. अम्मीने विचारलं, सुट्टी मिळाली? तो म्हणाला, मिळाली.

तो वसीमची जर्सी घालून, वसीमच्या नावावर खेळला. कुणाला यात वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे असं खेळतात. भाईही हसत होता. माईकवर आमच्याच मोहल्ल्यातला माणूस होता. तो "बॉल वसीमकडे, वसीमने एकाला चकवलं" असं म्हणत होता, आणि दोरीमागची माणसं "इमू! इमू!" ओरडत होती. वसीम उजव्या पायाने खेळणारा. त्या दिवशी तो डाव्या पायाने खेळत होता. खरा वसीम तोंडावर टॉवेल घेऊन दोरीपाशी बसला होता आणि हसू दाबत होता. पहिल्या हाफमध्ये भाईने दिलेल्या पासवर गोल झाला. माईकवाला आनंदाने म्हणून गेला, "इमूने काय पास दिला!" आणि मग घाईघाईने, "म्हणजे वसीमने!" सगळं मैदान हसलं. मीसुद्धा हसले.

दुसऱ्या हाफमध्ये निळे पूर्वेकडच्या गोलवर खेळत होते, मामू उभे होते त्या बाजूला. भाई बॉल घेऊन आत शिरला, गोलकीपर पुढे आला, आणि भाईने डावा पाय उचलला तेव्हा उजवा पाय त्या कोरड्या जमिनीच्या भेगेत अडकला. अंग फिरलं, पाय फिरला नाही. गच्चीवर काही ऐकू आलं नाही. मला फक्त दिसलं की मामूंनी खांब सोडला आणि मॅच चालू असताना मैदानात धावले. त्याआधी मी त्यांना कधी रेषा ओलांडताना पाहिलं नव्हतं.

निळ्यांनी कप जिंकला. तो क्लबच्या खोलीत ठेवलेला आहे. मामूंनी त्याला हात लावलेला मला तरी माहीत नाही.

गुडघ्यातलं लिगामेंट गेलं होतं. तरी काही दिवस आम्हाला वाटत होतं की पुण्याला कळणार नाही, घसरून पडला म्हणून सांगता येईल. पण कुणीतरी पहिल्या हाफमधल्या त्या गोलचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला होता, आणि त्यावर प्रेमाने भाईचं पूर्ण नाव लिहिलं होतं. तो पसरला. क्लबने करार रद्द केला. परवानगीशिवाय बाहेर खेळताना झालेली दुखापत, त्यामुळे उपचारही त्यांच्याकडे नाहीत. नियमाने त्यांचं बरोबरच होतं. ऑपरेशन इथेच झालं. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, कामाला जाता येईल, खेळायचं विसरा.

विकी आला तेव्हा मी सायकलमध्ये हवा भरायला दुकानात गेले होते. मामू पाण्याच्या घमेल्यात ट्यूब धरून बुडबुडा कुठे येतो ते बघत होते. विकीने गॉगल काढला. तो आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं. त्याने आवाज चढवला नाही.

"मामू, मी पोरं विकतो म्हणता ना तुम्ही? मी त्याला वर्षभर पगार मिळवून दिला. गुडघा दुखला की डॉक्टर दिला. बर्फ कसा लावायचा ते शिकवलं. तुम्ही काय दिलंत? एक फोन."

मामू ट्यूब फिरवत राहिले. बुडबुडे एकाच ठिकाणाहून येत होते, ते मलाही दिसत होतं, पण ते ट्यूब फिरवतच राहिले. विकी निघून गेल्यावर त्यांनी माझी सायकल घेतली, हवा भरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा, कॉलेज. उशीर हुईल."

त्यानंतर ते रोज संध्याकाळी आमच्या घरी यायचे. आत यायचे नाहीत. बाहेरच्या पायरीवर बसायचे, चप्पल काढून, जसं काही आत नमाज चालू आहे. सुरुवातीला अम्मी बाहेर गेली नाही. ती स्वयंपाकघरात भांडी जोरात ठेवायची. आठवडाभराने तिने माझ्या हाती चहा पाठवला. मामूंनी कप घेतला आणि हातात धरून बसले. चहा थंड झाला तेव्हा प्यायले. "आपाला म्हनावं साकर बराबर हाय," ते म्हणाले. अम्मी आतून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः चहा नेला आणि दखनीत म्हणाली, अंदर बैठो भाई, लोगां देखते. ते तरीही पायरीवरच बसले.

एके दिवशी भाई कुबडी घेऊन बाहेर गेला आणि त्यांच्याशेजारी बसला. मी दाराशी होते.

"मामू, तुम्ही बोलावलंत," भाई म्हणाला. "पण आलो मीच ना. मला 'नाही' म्हणता आलं असतं."

"न्हाई आलं आसतं," मामू म्हणाले. "ल्हानपनापास्नं म्याच शिकवलंय तुला, न्हाई म्हनायचं न्हाई म्हनून."

मग दोघेही मैदानाकडे बघत बसले. तिथे पोरं खेळत होती.

त्या वर्षी मामूंनी खांबाला रंग दिला आणि परत तिथे उभे राहिले नाहीत. मॅचच्या वेळी ते दुकानातच बसायचे, मैदानाकडे पाठ करून, आणि गर्दीच्या आवाजावरून अंदाज घ्यायचे. "आऊट गेला," असं पुटपुटायचे. बहुतेक वेळा खरं निघायचं. भाईला एमआयडीसीतल्या एका कंपनीत बसून करायचं काम मिळालं. माझं कॉलेज त्या नोकरीवर चालू राहिलं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पुढे एकदा मामू पायरीवर बसले असताना भाईला म्हणाले, "त्या दलालाचा नंबर हाय का तुज्याकडं? लाव."

भाईने फोन लावून त्यांच्या हाती दिला.

"विकीसाहेब, रहमान बोलतोय नगरवरनं. पंक्चरवाला." मामूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "एक पोरगं हाय. सादिक नाव. येऊन बघा. चांगलं वाटलं तर घिऊन जावा. आन् परत पाठवू नका."

विकी आला. सादिकला घेऊन गेला. सादिक जायच्या दिवशी सकाळी खांबापाशी आला, कारण सगळे येतात हे त्याला माहीत होतं. मामूही आले. सादिकने हात लावला आणि तोंड उघडलं, तेवढ्यात मामूंनी त्याला थांबवलं.

"तसं न्हाई म्हनायचं. म्हन, बोलावलं तरी येनार न्हाई."

सादिकला गंमत वाटली. तो सतरा-अठरा वर्षांचा होता. "कुणी पण बोलावलं तरी?"

"म्या बोलावलं तरी."

"फायनल असली तरी?"

"आसू दे."

"आणि ईदला, मामू?"

"ईदला ये," ते म्हणाले. "बूट तिकडंच ठिवून ये."

नंतर गेलेली सगळी पोरं असंच म्हणून गेली. निळे त्यानंतर फायनलला पोचले नाहीत. एका वर्षी तर कपला टीमच पुरी भरली नाही, नऊ जण उतरले. मोहल्ल्यातले काही जण मामूंवर चिडले. सगळी चांगली पोरं तुम्ही विकून टाकली म्हणाले. "व्हय," मामू म्हणाले. "रुमाल न टाकता विकली." आणि पाना उचलून कामाला लागले. त्या दिवशी मॅच चालू असताना मात्र ते दुकानातून उठून आले आणि रेषेच्या बाहेर, खांबापासून लांब, उभे राहिले. हात मागे बांधलेले होते. नऊ पोरं हरेपर्यंत उभे होते.

गेल्या वर्षी त्यांची तब्येत बिघडली. हृदयाचा त्रास होता. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, पण पहाटेच्या नमाजनंतर दुकान उघडायचं ते उघडायचेच. खुर्चीत बसून राहायचे आणि गिऱ्हाईकाला सांगायचे, "तुमीच भरा हवा, म्या ऐकतो."

ते गेले ते रविवारी पहाटे, फजरच्या वेळेला, झोपेतच. मुमानीने दोन्ही घरांमधल्या भिंतीवर हात मारून अम्मीला बोलावलं, अम्मीबरोबर मीही गेले. मुमानी रडत होती, पण मला बघितल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "पहिला फोन विकीला कर. त्यांनी सांगून ठिवलंय."

मी फोन लावला. "विकी सर, मामू गेले."

त्याने दफनाची वेळ विचारली. "मिट्टी किती वाजता?"

"दुपारी, जोहरच्या नमाजनंतर."

"आपल्या पोरांची मॅच आज चारला आहे," तो म्हणाला. "माझ्याकडून कबूल करून घेतलंय त्यांनी. मॅच संपेपर्यंत पोरांना कळू द्यायचं नाही. मी आता हॉटेलवर जाऊन सगळ्यांचे फोन काढून घेतो." मग म्हणाला, "म्हणजे मलाही येता येणार नाही."

मी मुमानीला विचारलं, भाईला? तो पहाटेच पहिल्या पाळीला निघून गेला होता. मुमानी म्हणाली, "त्याला बी सांगू नगं म्हनले हुते. कबरस्तानाचा रस्ता चढाचा हाय. पाय दुखतो त्याचा, आन् ड्युटी बुडंल." मी फोन हातात धरून उभी होते. तेवढ्यात भाई दारात आला. हातात जेवणाच्या डब्याची पिशवी तशीच होती.

"दुकान बंद दिसलं," तो म्हणाला. "बस सोडून दिली."

मॅच बरोबरीत सुटली. संध्याकाळी सादिकचा फोन आला. तो रडत होता आणि चिडलाही होता. आम्हाला का नाही सांगितलं, आम्ही काय मेलो होतो का, असं ओरडत होता. फोन कानाला नसतानाही मला ऐकू येत होतं. भाईने त्याला बोलू दिलं. मग विचारलं, "पूर्ण मॅच खेळलास?" तो खेळलो म्हणाला. "मग बस्स," भाई म्हणाला. "बूट काढ. बर्फ लाव."

पण मला जे सांगायचं आहे ते दुपारचं आहे. कबरस्तानात बायका जात नाहीत, म्हणून मी गच्चीवर गेले. जनाजा मैदानाच्या कडेने निघाला. गर्दी पुष्कळ होती, पण निळ्यांची म्हणावी अशी खेळणारी पोरं त्यात जवळजवळ नव्हती. ज्यांना ज्यांना मामूंनी बाहेर पाठवलं, ती सगळी तेव्हा मॅचच्या हॉटेलवर होती, जेवून आराम करत असतील. मामूंना हवं होतं तसंच झालं होतं. तरी मला त्या गर्दीत सारख्या मोकळ्या जागा दिसत होत्या.

जनाज्याचा कांधा सारखा बदलत असतो. पुढचा माणूस काही पावलं चालतो, मग मागच्याला जागा देऊन बाजूला होतो. ज्याला पुन्हा कांधा द्यायचा असेल त्याने कडेने पुढे जाऊन परत शिरायचं. सगळे भरभर चालत असतात, थांबत कुणी नाही. भाई पुढे होता. त्याच्या पावलाबरोबर ती बाजू थोडी खाली जायची, वर यायची. मग कुणीतरी त्याची जागा घेतली आणि तो मागे पडला. मला वाटलं, झालं, आता तो हळूहळू मागून जाईल.

तो कडेला झाला, त्या खांबाच्या बाजूने, आणि पळायला लागला. डावा पाय टाकत, उजवा ओढत, वेडावाकडा. त्या फायनलनंतर मी त्याला पळताना पाहिलं नव्हतं. तो गर्दीच्या पुढे गेला, वळून आत शिरला, खांदा लावला. परत कुणी जागा घेतली, परत मागे पडला. एकाने त्याच्या दंडाला धरलं, बहुतेक पुरे म्हणाला असेल. भाईने हात सोडवून घेतला. पुढे चढ लागला, माणसं लहान लहान दिसायला लागली, आणि मला नीट ओळखू येत होता तो एकटाच, कारण एवढ्या चालणाऱ्या माणसांत तो मागे पडला की पळायचा, आणि मागे पडला की पुन्हा पळायचा.